हातांची वही

मुलांनो, डोळे उघडेच ठेवा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही एका खिडकीसमोर उभे आहात. आत दिवा लागलाय. आतली माणसं जेवतायत, एकमेकांना वाढतायत. तुम्हाला सगळं दिसतं, पण त्यांना तुम्ही दिसत नाही. तुमचं नाव त्यांना कळत नाही. कुणी तरी बघून गेलं, एवढंसुद्धा कळत नाही. गंमत वाटते ना? आता आणखी थोडी कल्पना करा. आत बसलेल्यांत एक तुमचा भाऊ आहे, आणि तुम्ही काचेवर टकटक केलीत तर दिवा विझणार आहे. मग तुम्ही काय कराल?

यारेली अकरा वर्षांची होती, आणि अशा एका खिडकीपाशी ती रोज शाळा सुटल्यावर जात असे.

खिडकी होती तेओकाकांच्या सायबरमध्ये. लोस ओर्नोस गावात ते एकच सायबर. तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि काउंटरवर उघडून ठेवलेले नादुरुस्त फोन. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक पान उघडायचं. त्या पानावर फक्त एक रिकामी चौकट असे. चौकटीत कुणाच्याही प्रोफाइलचं नाव टाइप केलं, की त्या माणसानं जगासाठी उघडं ठेवलेलं सगळं दिसायचं. फोटो, जाहिराती, खालच्या कमेंटसुद्धा. आपलं खातं लागत नसे, आपलं नाव कुठे उमटत नसे. ज्यानं प्रोफाइल कुलूपबंद केलं, त्याचं मात्र काहीच दिसत नसे. गावातल्या बायका त्या पानाला खिडकी म्हणत.

या बायका म्हणजे ज्यांची मुलं घरून गेली आणि परत आली नाहीत, अशा आया. त्यांची पुढारी क्रुसमावशी. तिनं सुरुवातीला एक चूक केली होती. ज्यानं तिच्या मुलाला कामाला बोलावलं, त्याच्या प्रोफाइलवरचा एक व्हिडिओ तिनं स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावानं बघितला. तिला वाटलं, नुसतं बघितल्यानं काय होतंय. पण कुणी कुणी बघितलं, याची यादी त्या माणसाला दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात फुलांचं मोठं चक्र ठेवलेलं होतं, मयताला नेतात तसं. त्यावरच्या जांभळ्या फितीवर तिचंच नाव होतं.

तेव्हापासून बायकांनी तीन नियम केले. बघायचं ते खिडकीतून. फोनमध्ये काही साठवायचं नाही, कारण वळणावर मोटरसायकल लावून बसलेली त्या माणसाच्या टोळीची पोरं वाटेल तेव्हा फोन मागून तपासत. आणि काय बघितलं, ते बाहेर कुणालाही सांगायचं नाही.

यारेलीचा भाऊ आदान एकोणीस वर्षांचा. वीटभट्टीवर कामाला होता. मार्च महिन्यात त्याला एक जाहिरात दिसली. 'खात्रीचं काम. पहारेकरी हवेत. गणवेश, बूट, तीन वेळचं जेवण. प्रवास आमचा.' तो चारच्या बसनं गेला. पोचल्यावर फोन करतो म्हणाला होता. तो फोन आलाच नाही.

ती जाहिरात देणारं प्रोफाइल मात्र चालूच होतं. नवनव्या जाहिराती येत होत्या, आणि मधून मधून एका लांब टेबलाचा फोटो. खाली लिहिलेलं असे, 'आमची मुलं पोटभर जेवतात.' टेबलाभोवती दहा-बारा मुलगे. प्रत्येकाच्या तोंडावर पिवळा हसरा गोल चिकटवलेला. पण हातांवर काही चिकटवलेलं नसे, आणि जूनमधल्या एका फोटोत तोर्तियाची, म्हणजे मक्याच्या पोळीची, सुरळी धरलेला एक डावा हात होता. त्याच्या अंगठ्याला नख नव्हतं आणि टोक चपटं होतं. दोन वर्षांपूर्वी विटांचा गाडा कलंडला, तेव्हा आदानचा अंगठा असाच झाला होता.

आई, म्हणजे तोर्तियाच्या दुकानात काम करणारी एलोदिया, ते बघायला एकदाच सायबरमध्ये आली. काचेला बोट लावून पुष्कळ वेळ बसली. तेओकाकांनी झेरॉक्सचं मशीन उगाच चालू ठेवलं, तिच्या रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पण त्याच दिवशी मोटरसायकलवाल्या पोरांपैकी एकानं दारात येऊन विचारलं, "ती तोर्तियावाली कशाला आली होती हो?" तेओकाका म्हणाले, "विजेचं बिल काढायला." मग क्रुसमावशीनं ठरवलं, आता मोठ्यांनी यायचं नाही. अभ्यासाच्या नावाखाली लेकरू येऊ दे, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

खरं सांगायचं तर असलं काम लेकरावर टाकू नये. क्रुसमावशीलाही ते ठाऊक होतं. पण दुसरं कुणी उरलं नव्हतं.

यारेली जायची, बघायची आणि वहीत काढायची. फोनमध्ये साठवायचं नाही असा नियम होता, वहीत काढायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. तिचा हात चांगला होता. बाई शाळेतले तक्ते तिच्याकडूनच रंगवून घेत. भूगोलाच्या वहीत मागच्या बाजूनं ती ते टेबल काढायची. मागची भिंत, भिंतीवरून डोकावणारी पाण्याची टाकी, टाकीमागचा दोन शेंड्यांचा डोंगर. आणि हात. प्रत्येक हात वेगळा. पानाच्या कोपऱ्यात तारीख. क्रुसमावशी त्या भिंतीवरून आणि डोंगरावरून जागा शोधत होती. हातांचं वेड मात्र यारेलीचं एकटीचं. तिनं त्यांना नावंही ठेवली होती. अंगठीवाला, नखं खाणारा, डाव्या हातानं जेवणारा, पट्टीवाला.

तिन्हीसांजेला आई दुकानातून येई. अंगाला भाजलेल्या मक्याचा वास. हात धुता धुता एकच शब्द विचारी.

"दिसला?"

"दिसला."

"काय जेवत होता?"

"घेवडा आणि अंडं."

मग आई जेवायला बसे. ज्या दिवशी नवा फोटो नसे, त्या दिवशी यारेली म्हणे, "जुनाच आहे," आणि आई थोडं कमी जेवे.

सप्टेंबरच्या मध्यावर, चौकात स्वातंत्र्यदिनाचे झेंडे लागले त्या आठवड्यात, नवा फोटो आला आणि त्यात आदानचा हात नव्हता. यारेलीनं सगळे हात दोनदा मोजले. घरी येताना तिनं ठरवलं होतं, सांगायचं. पण त्या दिवशी आईनं हात धुतले, पदरासारखा गळ्यातला ॲप्रन सोडला आणि विचारलं, "दिसला?" आणि यारेलीच्या तोंडून रोजचाच शब्द गेला.

"दिसला."

"काय जेवत होता?"

"निवडुंगाची भाजी."

"त्याला आवडत नाही," आई म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी हसली. "खातोय म्हणजे शहाणा झाला."

त्यानंतरच्या फोटोतही हात नव्हता. त्याच्यानंतरच्याही. सहा आठवडे झाले. खोटं एका शब्दाचं होतं, पण त्याला दर वेळी नवं जेवण लागत होतं. सूप, भात, मिरचीची चटणी. वहीत मात्र यारेली खोटं काढत नसे.

मग ऑक्टोबर संपत आला. घरोघरी मेलेल्यांसाठी वेदी मांडायची तयारी सुरू झाली; वर्षातून एकदा ते झेंडूच्या वासानं घर ओळखून भेटीला येतात, असं गावात मानत. बाजारात झेंडूचे ढीग लागले. त्या मंगळवारी यारेलीनं खिडकी उघडली, तर नव्या जाहिरातीखाली एक कमेंट होती. 'मला यायचंय. गुरुवारी निघू शकतो.' शेजारी नाव होतं आणि फोटोही होता. फिदेन्सियो. भट्टीवरचा फिदे, आदानचा जिवलग मित्र, सतरा वर्षांचा. याच फिदेनं आपला शर्ट फाडून आदानच्या अंगठ्याला बांधला होता.

ती सायबरमधून थेट दुकानात गेली. यंत्रातून तोर्तिया एकामागून एक पट्ट्यावर पडत होत्या आणि आई त्यांच्या चळती कागदात बांधत होती.

"आई, फिदेनं लिहिलंय. त्या जाहिरातीखाली."

"काय लिहिलंय?"

"गुरुवारी निघतो म्हणून."

आईचे हात थांबले. यंत्र थांबलं नाही. चार-पाच तोर्तिया खाली पडल्या.

"तू कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस."

"आई, फिदे आहे तो."

"कोण आहे ते मला सांगू नकोस. माझ्या हातचं खाऊन वाढलाय." आईनं खाली पडलेल्या तोर्तिया उचलून बादलीत टाकल्या. "क्रुसमावशीनं दोन जागा शोधून काढल्यात. अजून एक फोटो आला, टाकी नीट दिसली, की कोणती ते कळेल. आठ दिवस गं. आठ दिवस ती खिडकी उघडी राहिली पाहिजे. त्या फिदेच्या पोटात तिळाएवढी गोष्ट राहत नाही. तू त्याला सांगशील, तो त्यांनाच विचारायला जाईल, आणि ते कुलूप लावतील. मग आपण काय बघायचं? भिंत?"

"पण तो गुरुवारी जाईल."

एक गिऱ्हाईक आलं, गेलं. मग आईनं यारेलीकडे न बघता विचारलं, "आदान दिसतोय ना तुला रोज?"

यारेलीनं यंत्राकडे बघितलं.

"दिसतोय."

"मग झालं."

दोन शब्द होते. पण एलोदियासारख्या बाईनं, जिच्या दारात शेजारणीचं पोर कधी उपाशी राहिलं नाही, ते दोन शब्द कसे उच्चारले असतील, याचा विचार मोठेपणी करा. यारेलीला त्या वेळी एवढंच कळलं, की आई जे करतेय ते आपल्या एका शब्दावर उभं आहे.

बुधवारी ती भट्टीवर गेली. का गेली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. काम संपलं होतं. गडी पंपावर हातपाय धूत होते. शेडमध्ये विटा रचून केलेली वेदी होती. झेंडूची कमान, मेणबत्त्या, मीठ, पाण्याचा पेला, आणि भट्टीवर काम करून गेलेल्या माणसांचे फोटो. वरून दुसऱ्या रांगेत आदान होता. शाळेतल्या गणवेशातला, केस पाणी लावून बसवलेला.

यारेलीनं हात लांब करून तो फोटो काढला.

"ए काडी, चोरी करतेस काय?" मागून फिदे आला. ओल्या केसांतून लाल माती ओघळत होती. "ठेव तो. मी लावलाय."

"तू लावलास?"

"मग कोण? आपलाच माणूस ना. हा बघ म्हातारा चेमा, हा त्याचा मेव्हणा. सगळी भट्टी जमलीय."

"हे सगळे मेलेले आहेत, फिदे."

फिदे खाली बसला आणि नखातली माती काढू लागला. "आठ महिने होत आले, यारे. एक फोन नाही. मला वाटलं, तुझी आई तर काही लावणार नाही त्याच्यासाठी. आणि कुणीच झेंडू नाही मांडला, तर तो घर कसं ओळखेल? भटकत राहील."

"तो मेला नाहीये."

"तुला कसं माहीत?"

यारेलीनं फोटो छातीशी धरला होता. झेंडूच्या पाकळ्या तिच्या बाहीला चिकटल्या होत्या.

"मला त्याचा हात दिसतो," ती म्हणाली. "रोज."

एकदा सांगितल्यावर बाकीचं थांबेना. खिडकी, टेबल, चपटा अंगठा, सगळं सांगून झालं. फिदे आधी तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"म्हणजे जेवतोय? बसून? आणि आम्ही इथे मेणबत्त्या लावतोय त्याला?" त्यानं मांडीवर थाप मारली. "नालायक. एक फोन करायला काय झालं होतं? थांब, उद्या मी तिकडेच चाललोय. भेटला की आधी दोन ठेवून देतो."

"तू जाऊ नकोस."

"का?"

"ती माणसं वाईट आहेत. त्यांनी तोंडं झाकलीत."

"पहारेकऱ्यांची तोंडं कशाला दाखवतील? शहाणीच आहेस." तो उठला. "अगं, आत्ता तूच म्हणालीस ना, जिवंत आहे, पोटभर खातो? विटा वाहून माझी पाठ बघ कशी झालीय. मी जातो, त्याला सांगतो, आई वाट बघतेय. तुझंच काम होईल."

यारेलीजवळ याला एकच उत्तर होतं, आणि ते तिनं आजवर कुणालाही दिलं नव्हतं. ती फोटो घेऊन घरी गेली. तिन्हीसांजेला आईनं विचारलं, "दिसला?" यारेली म्हणाली, "जुनाच आहे."

गुरुवारी शाळा लवकर सुटली. तिनं खिडकी उघडली, नाव टाइप केलं. पान फिरत राहिलं आणि मग एक छोटं कुलूप आलं. 'हे खातं खासगी आहे.' तिनं पुन्हा टाइप केलं. पुन्हा कुलूप. तेओकाका काउंटरमागून उठून आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी स्वतः टाइप करून बघितलं.

"आता उघडायचं नाही हे, बाळ," ते म्हणाले. "कुणी तरी टकटक केली."

भिंतीवरचं घड्याळ पावणेचार दाखवत होतं. बस चारची होती. यारेलीनं दप्तर उचललं आणि ती पळाली.

बसस्टँडवर फिदे शेवटच्या बाकावर बसला होता. केस नवे कापलेले, मांडीवर शाळेतलं जुनं दप्तर, डोक्यावर कोरी लाल टोपी.

"निरोप द्यायला आलीस?" तो म्हणाला. "बघ, माझी किंमत आहे कुणाला तरी."

"खिडकी बंद झाली, फिदे. तू काय केलंस?"

"मी कुठे काय केलं? काल मेसेज टाकला त्यांना. आदान बारागानला सांगा म्हटलं, फिदे येतोय, माझा फुटबॉलचा शर्ट धुऊन ठेव. गंमत आपली." टोपीची कड धरून त्यानं ती नीट केली. "लगेच फोन आला. माणूस गोड बोलत होता. विचारलं, आदान इथे आहे असं कुणी सांगितलं? मी काय तुझं नाव घेतो? म्हटलं, स्वप्नात आला होता."

तो हसला. यारेली हसली नाही.

"मग?"

"मग म्हणाले, ये, भेट घालून देतो. एकट्यानं ये. लाल टोपी घाल, आमचा माणूस बसमध्ये असेल. आणि फोन घरी ठेव." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज थोडा उतरला. "फोन आईपाशी ठेवलाय. तिथे नवा देतात म्हणे."

यारेली त्याच्याशेजारी बसली. दप्तरातून भूगोलाची वही काढून तिनं मागून उघडली आणि त्याच्या दप्तरावर ठेवली.

"हे काय?"

"बघ."

फिदेनं पान बघितलं. उलटलं. पुढचं बघितलं. चपट्या अंगठ्यावर आल्यावर त्यानं ओठ आवळले. "हा तोच. शपथ. मीच बांधला होता."

"तारीख वाच."

"नऊ सप्टेंबर."

"आता पुढचं पान. यात शोध. पुढचं. यातही शोध."

तो शोधत गेला. पानं संपली. "यात नाहीये."

"नाहीये."

"पण काल तू म्हणालीस, रोज दिसतो."

"खोटं बोलले." यारेलीचा आवाज अगदी साधा होता, वर्गात उत्तर द्यावं तसा. "आईशीही खोटं बोलते. सहा आठवडे."

फिदेनं तिच्याकडे बघितलं नाही. तो पुन्हा पहिल्या पानापासून निघाला, आणि या वेळी आदानचा हात सोडून बाकीचे बघू लागला.

"हा अंगठीवाला?"

"जुलैनंतर नाही. तो चौकात आहे, खांबावर. तिसरा कागद. 'बेपत्ता, उजव्या हातात घोड्याच्या नालेची अंगठी.' मी ताडून बघितली."

"हा पट्टीवाला?"

"दोनच फोटोंत होता."

"घरी गेले असतील."

"कुणाच्या घरी, फिदे?"

तो पानं उलटत राहिला. शेवटच्या पानावर अकरा जणांचे हात होते, सगळे नवे. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. यारेलीनं तीसुद्धा काढली होती, तिच्या पाठीच्या दांड्यांसकट.

बस आली. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं ओरडू लागला. पुढच्या दारानं एक माणूस उतरला. साधाच, चौकटीचा शर्ट, हातात फोन. त्यानं स्टँडवर सावकाश नजर फिरवली. तो तोंडं बघत नव्हता, डोकी बघत होता.

यारेलीनं ते आधी ओळखलं. तिनं फिदेच्या डोक्यावरची टोपी खेचली आणि बाकाखाली पायानं ढकलली. मग वही समोरच्या बाजूनं उघडून पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"नद्यांची नावं सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं."

"काय?"

"मला शिकव. दादासारखा."

फिदेनं मान खाली घातली. "लेर्मा," तो म्हणाला. "लेर्मा, सांतियागो, बाल्सास." चौकटीचा शर्ट बाकाजवळून गेला, परत आला, थांबला. त्याच्या बुटांवर पांढरी धूळ होती. "पानुको," फिदे म्हणत होता, "पापालोआपान," आणि पुन्हा लेर्मापासून सुरू करत होता. बूट वळले, बसच्या पायऱ्या चढले. बसचं दार लागलं. धुराचा लोट स्टँडभर पसरला.

यारेलीनं वही मिटली.

"त्यांच्याकडे माझं नाव आहे," अखेर फिदे म्हणाला. "घर माहीत आहे. आईचा फोटोसुद्धा आहे माझ्या प्रोफाइलवर. मी काय करू गं?"

यारेलीला ते माहीत नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलीला ते माहीत असण्याचं कारणही नव्हतं. ते तेओकाकांना विचारावं लागलं. त्यांनी फिदेला मागच्या खोलीत नेलं, सगळ्यांत आधी त्याचं प्रोफाइल पुसून टाकायला लावलं, आणि त्याच्या आईला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी फिदे आणि त्याची आई भाजीच्या ट्रकमधून दूरच्या मावशीकडे गेली, दोन बोचकी आणि एक कोंबडी घेऊन. मावशीचं गाव कोणतं, ते तेओकाकांनी कुणालाच सांगितलं नाही.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. गुरुवारी, निघताना, फिदे मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्यानं चेहरा धुतला होता, तरी डोळ्यांभोवती माती राहिली होती.

"यारे, मी मेसेज टाकला त्यांना. त्याचं नाव घेतलं. त्याला काही झालं तर ते माझ्यामुळे."

"तू टाकलास तेव्हा तो दिसेनासा होऊन सहा आठवडे झाले होते."

"हे नक्की?"

"वहीत आहे."

"आईला सांग," तो म्हणाला.

"काय?"

"जे मला सांगितलंस ते."

घरी आई आधीच आली होती. कोपऱ्यात आजोबांची वेदी मांडून झाली होती. झेंडू, पाणी, त्यांची आवडती सिगारेट. आदानचा फोटो तिथे नव्हता. तो नेहमीसारखा फ्रिजवर चुंबकानं लावलेला होता, बेपत्ता म्हणून छापलेल्या कागदावर, खाली त्याची उंची, रंग, डावा अंगठा. जिवंत माणसाला कुणी वेदीवर ठेवत नाही.

आई हात धूत होती. तिची पाठ दाराकडे होती.

"दिसला?" तिनं विचारलं.

यारेलीनं दार आतून लावलं. आईचा ओला हात धरून तिनं तिला खुर्चीवर बसवलं आणि तो हात स्वतःच्या फ्रॉकला पुसला. मग भूगोलाची वही मागच्या बाजूनं उघडली, नऊ सप्टेंबरचं पान काढलं आणि आईचं बोट उचलून त्या चपट्या अंगठ्यावर ठेवलं.

"हा शेवटचा," ती म्हणाली.

आणि तिनं पान उलटलं.